परमुलखातील गार्ड

व्यापाराच्या भाषेत 'आयात' या शब्दाला एक रोखठोक अर्थ आहे. जो माल आपल्याकडे पिकत नाही, किंवा पिकला तरी हवा तसा उतरत नाही, तो बाहेरून आणावयाचा, त्याचे दाम मोजावयाचे, आणि माल पसंत न पडल्यास पुढच्या खेपेस दुसऱ्या पेढीकडे जावयाचे. बास्केटबॉलच्या धंदेवाईक जगाने हाच शब्द माणसांना लावला आहे. परदेशातून पैसे देऊन आणलेल्या खेळाडूला तेथे 'इंपोर्ट' म्हणतात. शब्द कठोर आहे, पण खोटा नाही. अशा खेळाडूचा करार बहुधा एका मोसमाचा असतो. संघ हरू लागला की प्रथम त्याच्याकडे बोट दाखविले जाते. पुष्कळ देशांत प्रत्येक संघाला असे एक किंवा दोनच खेळाडू ठेवण्याची मुभा असते. त्यामुळे ती जागा अडवून बसणाऱ्याने देशी खेळाडूंहून उजवे ठरलेच पाहिजे, अशी सर्वांची अपेक्षा असते. बरोबरीचा असणे त्याला पुरत नाही.

आयातीच्या या व्यवहाराचे सर्वांत बोलके रूप फिलिपाइन्समध्ये दिसते. तेथील धंदेवाईक लीग १९७५ साली सुरू झाली. ज्या स्पर्धांत इंपोर्ट खेळाडूला परवानगी असते, त्यांपैकी काहींत त्याच्या उंचीवर मर्यादा घातलेली असते. विमानातून उतरलेल्या पाहुण्याला भिंतीशी उभे करून मोजतात, आणि मोजमापात तो थोडा जास्त भरला तर त्याला त्या स्पर्धेत उतरता येत नाही. या नियमाचे हसू येते. पण त्यामागे एक साधी कबुली आहे. बास्केटची कडी जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर टांगलेली असते. या खेळात उंची ही सर्वांत आधी डोळ्यांत भरणारी संपत्ती आहे, आणि म्हणून आयात होते ती बहुधा उंचीचीच.

परंतु संघातील पाचही खेळाडू उंचीवर जगत नाहीत. कडीखाली उभे राहून चेंडू हस्तगत करणारा सेंटर आणि बाजूंनी चढाई करणारे फॉरवर्ड यांच्या मागे दोन गार्ड असतात, आणि त्यांतील एकाकडे खेळाची सूत्रे असतात. २८ मीटर लांबीच्या कोर्टाच्या एका टोकाकडून चेंडू आणावयाचा, आठ सेकंदांच्या आत मध्यरेषा ओलांडावयाची, आणि चोवीस सेकंद संपण्यापूर्वी आपल्या चौघांपैकी कोण कोठे मोकळा होणार आहे हे ओळखून चेंडू त्याच्या हातात पोचवावयाचा, हे त्याचे काम. 'कोण मोकळा आहे' हे पाहणे सोपे आहे. ते प्रेक्षकालाही दिसते. 'क्षणभराने कोण मोकळा होईल' हे ज्याला कळते, तो गार्ड.

येथे गाण्याच्या मैफलीची आठवण होते. गवई तानेत शिरला असता समेवर नेमका कोणत्या अंगाने येणार, हे साथीच्या तबलजीला आधीच उमगलेले असते. ही जाण केवळ बोटांच्या तयारीतून येत नाही. ती सहवासातून येते. त्या गवयाचे घराणे, त्याच्या खोडी, त्याचा त्या दिवशीचा आवाज, एवढे सगळे तबलजीच्या मनात मुरलेले असते. आता असा विचार करावा, की त्या तबलजीला एका रात्रीत परक्या मुलखात नेऊन बसविले. गाणारे अनोळखी, भाषा अनोळखी, आणि श्रोते मात्र पहिल्या आवर्तनापासून हिशेब मांडणारे. परदेशी संघात दाखल झालेल्या गार्डची अवस्था अशीच असते. सेंटर आपली उंची बरोबर घेऊन येतो; ती कोणत्याही देशात तेवढीच भरते. गार्डचे भांडवल मात्र सहकाऱ्यांच्या ओळखीत गुंतलेले असते, आणि ते सामानात बांधून नेता येत नाही. प्रत्येक नव्या शहरात त्याला ते नव्याने जमवावे लागते.

हे कसे घडते याचे उत्तम उदाहरण ज्या खेळाडूने घालून दिले, तिचा खेळ भारताच्या भूमीवर, बेंगळुरू शहरात, हजारो लोकांनी पाहिलेला आहे. २०१७ च्या जुलै महिन्यात महिलांची आशिया चषक स्पर्धा बेंगळुरूत झाली. कब्बन पार्कजवळचे श्री कंठीरवा स्टेडियम त्या आठवड्यात बास्केटबॉलच्या आवाजाने भरून गेले होते. भारतीय प्रेक्षकांना ती स्पर्धा स्मरते ती दुसऱ्या श्रेणीच्या अंतिम सामन्यामुळे. भारताच्या मुलींनी कझाकस्तानचा ७५-७३ असा अवघ्या दोन गुणांनी पराभव केला आणि पहिल्या श्रेणीत प्रवेश मिळविला. पुण्याची शिरीन लिमये ही त्या संघात होती. पुढे तिने भारतीय संघाचे नेतृत्वही केले.

त्याच स्पर्धेच्या पहिल्या श्रेणीत जपानने ऑस्ट्रेलियाला ७४-७३ असे एका गुणाने हरविले. ऑस्ट्रेलियाच्या खेळाडू धिप्पाड होत्या, जपानच्या त्यांच्यापुढे ठेंगण्या दिसत. त्या जपानी संघातील एक गार्ड होती रुई माचिदा. तिची उंची १६२ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ५ फूट ४ इंच. बेंगळुरूच्या कोणत्याही महाविद्यालयात तिच्याहून उंच मुली सहज सापडतील. दोन वर्षांनी, २०१९ च्या सप्टेंबरात, आशिया चषक पुन्हा बेंगळुरूला आला. अंतिम सामन्यात जपानने चीनला ७१-६८ असे नमवून सलग चौथे विजेतेपद घेतले, आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान नाको मोतोहाशी या दुसऱ्या एका बुटक्या जपानी गार्डला मिळाला. आठ संघांच्या त्या स्पर्धेत यजमान भारताला आठव्या स्थानावर समाधान मानावे लागले.

जपानच्या या यशामागे उभा असलेला माणूस स्वतःच एकेकाळचा 'इंपोर्ट' होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. टॉम होवास हे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याचे. १९९० च्या सुमारास ते टोयोटा कंपनीच्या संघाकडून खेळण्यासाठी जपानला गेले. मध्यंतरी अमेरिकेच्या एनबीएमध्ये त्यांच्या वाट्याला अवघे दोन सामने आले, आणि ते पुन्हा जपानला परतले. इतर अनेक पाहुणे करार संपताच घरी जातात. होवास तेथे राहिले, जपानी भाषा शिकले, आणि प्रशिक्षक झाले. २०१७ साली जपानच्या महिला संघाची धुरा त्यांच्याकडे आली तेव्हा सामन्यातील विश्रांतीच्या क्षणी ते खेळाडूंना जपानीतच समजावीत, आणि प्रसंगी त्याच भाषेत खडसावीतही. जपानी खेळाडूंची उंची वाढविणे त्यांच्या हाती नव्हते. म्हणून त्यांनी दुरून, तीन गुणांच्या रेषेबाहेरून नेम साधण्यावर आणि अखंड धावण्यावर भर दिला. अशा खेळात चेंडू योग्य हातात योग्य क्षणी पोचला नाही, तर सारेच फसते. माचिदाचे महत्त्व या योजनेत होते.

माचिदाचा जन्म १९९३ साली होक्काइदो बेटावरील असाहिकावा येथे झाला. २०११ पासून ती फुजित्सू या कंपनीच्या संघाकडून खेळू लागली. जपानमधील महिलांचे प्रमुख संघ बहुतांशी मोठ्या कंपन्यांनी पोसलेले असतात. भारतात रेल्वे, बँका व सरकारी उद्योग खेळाडूंना नोकऱ्या देऊन आपापले संघ उभे करतात, त्याच्याशी ही पद्धत जुळणारी आहे. बेंगळुरूत मुख्य कचेरी असलेल्या विजया बँकेचा बास्केटबॉल संघ अनेक वर्षे नावाजलेला होता. ती बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली. अशा छत्राखाली खेळाडूच्या पोटापाण्याची चिंता मिटते, आणि एकाच संघात वर्षानुवर्षे राहिल्याने सहकाऱ्यांची नस ओळखीची होते. माचिदाची कला याच वातावरणात पिकली.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये तोक्योच्या ऑलिंपिक स्पर्धेत ती कला जगापुढे आली. उपांत्य सामन्यात जपानने फ्रान्सचा ८७-७१ असा पराभव केला. त्या एका सामन्यात माचिदाने सहकाऱ्यांना १८ वेळा असे पास दिले की ज्यांतून थेट बास्केट झाली. खेळाच्या भाषेत याला 'असिस्ट' म्हणतात, आणि महिलांच्या ऑलिंपिक सामन्यातील तो विक्रम ठरला. अंतिम सामन्यात अमेरिकेने जपानला ९०-७५ असे हरविले. पण जपानने रौप्यपदक मिळविले होते, आणि स्पर्धेतील सर्वोत्तम पाच खेळाडूंत माचिदाचे नाव लागले.

आता खरी परीक्षा पुढे होती. २०२२ च्या प्रारंभी वॉशिंग्टन मिस्टिक्स या अमेरिकन संघाने तिच्याशी करार केला. तिचे वय त्या वेळी २९ च्या घरात होते. घरच्या संघात तिला मान होता, स्थैर्य होते, ऑलिंपिकचे पदक गाठीशी होते. अमेरिकेच्या महिला लीगमध्ये, डब्ल्यूएनबीएमध्ये, त्या वर्षी १२ संघ होते आणि एका संघात १२ हून अधिक खेळाडू ठेवता येत नव्हते. म्हणजे साऱ्या देशात मिळून फार तर १४४ जागा. आणि त्यांवर अमेरिकेतील विद्यापीठांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या तयार मुलींचा, शिवाय जगभरच्या नामवंत खेळाडूंचा डोळा. करार झाला म्हणजे जागा मिळाली असेही तेथे नसते; मोसमापूर्वीच्या शिबिरात नाव टिकवावे लागते. माचिदाचे टिकले. तिच्यापूर्वी मिकिको हागिवारा, युको ओगा आणि रामू तोकाशिकी या तीनच जपानी खेळाडूंना त्या लीगमध्ये स्थान मिळाले होते.

तिच्या त्या मोसमाचा जमाखर्च केवळ आकड्यांत मांडला, तर तो फार थोडा वाटेल. सामन्यामागे सरासरी दोन गुणही तिच्या नावावर जमा झाले नाहीत. बहुतेक वेळा ती राखीव खेळाडूंतून उठून कोर्टावर जाई आणि थोड्या मिनिटांसाठी खेळे. ज्या बाईने तोक्योत एका सामन्यात १८ असिस्ट दिले, तिची येथील सरासरी सामन्यामागे दोन-तीनच्या मध्ये राहिली. मुलाखती ती दुभाष्याच्या मदतीने देत असे. पण चोवीस सेकंदांच्या घाईत कोर्टावर दुभाष्या येत नाही. डावी-उजवीकडच्या इशाऱ्यांपासून प्रत्येक डावपेचाच्या नावापर्यंत सारे इंग्रजीतून कानी पडत असता तिला आपली जागा धरावयाची होती. समोरच्या गार्ड तिच्याहून उंच, लांब हातांच्या. घरी जो पास सहज जाई तो येथे मध्येच अडविला जाण्याचा धोका होता. तरीही मोसमभर ती संघात राहिली. पाठीमागे न पाहता दिलेल्या तिच्या पासांवर वॉशिंग्टनचे प्रेक्षक टाळ्या वाजवू लागले. मिस्टिक्स संघाने २२ सामने जिंकले, १४ गमावले, आणि बाद फेरीच्या पहिल्याच पायरीवर सिॲटलकडून तो बाहेर पडला. मोसमानंतर माचिदा जपानला, आपल्या जुन्या फुजित्सूच्या संघात परतली. आणि २०२४ च्या वसंतात त्या संघाने पुष्कळ वर्षांनी जपानची लीग जिंकली.

या प्रवासाला यश म्हणावे की अपयश? आकड्यांवर विसंबणारा तिला अपयशी ठरवील. परंतु जे भांडवल सहवासातून तयार होते, ते सहवासाविना एका उन्हाळ्यात किती उभे राहू शकते, याची ती कसोटी होती. एका मोसमात तिने सहकाऱ्यांचा विश्वास संपादला आणि आपली जागा राखली. आणखी दोन-तीन मोसम ती तेथे राहिली असती तर काय झाले असते, याचे उत्तर दुसऱ्या एका गार्डच्या चरित्रात शोधता येते. स्टीफन मार्बरी हा न्यूयॉर्कचा गार्ड १९९६ पासून एनबीएमध्ये गाजला. पण तेथील त्याची अखेर कटकटींत आणि कटुतेत झाली. २०१० साली तो चीनला गेला. पहिल्या दोन संघांत त्याचा जम बसला नाही. २०११ मध्ये तो बीजिंगच्या संघात आला आणि तेथे ठाण मांडून राहिला. त्याच्या खेळाने त्या संघाने २०१२, २०१४ आणि २०१५ अशी तीन विजेतेपदे घेतली. बीजिंगकरांनी त्याचा पुतळा उभारला, चीनने त्याला कायम वास्तव्याचा परवाना दिला. तिशी ओलांडलेला, घरी नकोसा झालेला हा पाहुणा परक्या शहराचा घरचा माणूस झाला, कारण त्याला मुक्काम करण्यास अवधी मिळाला आणि त्यानेही तो केला.

भारतीय खेळाडूंच्या परदेशगमनाकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे एक गोष्ट चटकन ध्यानात येते. जे बाहेर गेले, ते बहुतेक उंचीच्या बळावर गेले. केरळची गीतू अॅना जोस ही दक्षिण रेल्वेची सेंटर २००६ ते २००८ या काळात ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या रिंगवूड संघाकडून खेळली, आणि २०११ मध्ये अमेरिकेत तीन संघांनी तिची चाचणी घेतली. पंजाबातील बल्लो के या खेड्याच्या सतनाम सिंगची २०१५ साली डॅलसच्या एनबीए संघाने निवड केली. त्याची उंची सात फुटांहून अधिक होती. २०१७ मध्ये जवळजवळ सात फूट उंचीचा अमृतपाल सिंग सिडनी किंग्स संघाकडून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय लीगमध्ये उतरला.

त्याच वर्षी, त्याच लीगमधील ॲडलेड संघाने एका भारतीय गार्डलाही करारबद्ध केले. तो वाराणसीचा भृगुवंशी. त्याचे नाव विशेष. २०१४ मध्ये वुहानला चीनला त्याच्याच घरी ६५-५८ असे हरविणाऱ्या भारतीय संघात तो होता, आणि पुढे तो भारताचा कर्णधार झाला. सहा फुटांहून उंच असलेला हा गार्ड देशात अजोड मानला जाई. तरीही ॲडलेडने त्याला जी जागा दिली ती सरावाच्या खेळाडूची होती. सरावाचा खेळाडू रोज संघाबरोबर घाम गाळतो. सामन्याच्या दिवशी मात्र त्याची पाळी येईलच असे नाही. एकाच वर्षी, एकाच लीगमध्ये गेलेल्या दोघांपैकी सेंटरला कोर्ट मिळाले आणि गार्डला सराव. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. उंची मोजून घेता येते. गार्डची पारख मोसम सरल्यावाचून होत नाही, आणि तेवढा मोसम परक्यासाठी खर्च करण्यास संघ सहसा तयार नसतो.

मग भारतीय गार्डने ही वाट धरूच नये काय? माचिदाचा दाखला याच्या उलट सांगतो. ती गेली, कारण परत येण्यास तिच्यासाठी जागा होती. घरी कित्येक महिने चालणारी लीग होती, तीत तिने दशकभर एकाच संघाचा खेळ चालविला होता, आणि वॉशिंग्टनहून परतल्यावर तोच संघ तिच्यासाठी उभा होता. भारतात धंदेवाईक लीगचे प्रयत्न झाले. २०१५ ते २०१७ या काळात चाललेल्या यूबीए लीगमध्ये 'बेंगळुरू बीस्ट' नावाचा संघ होता. ती लीग बंद पडली. २०२२ मध्ये इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग सुरू झाली. परंतु एक-दोन महिन्यांच्या स्पर्धेत गार्डची जाण मुरत नाही. रेल्वे किंवा बँकेतील नोकरी हा भारतीय खेळाडूचा आधार आहे, आणि ती सोडून एका मोसमाच्या करारावर परदेशी जाणे म्हणजे घरच्यांच्या भाकरीशी खेळणे होय. ज्या कचेऱ्यांनी या खेळाला आजवर जगविले, त्यांनी आपल्या गार्डला एक वर्षाची रजा आणि परतल्यावर तीच खुर्ची राखून ठेवण्याचा शब्द दिला, तर त्याची किंमत एखाद्या मोठ्या पारितोषिकाहून अधिक होईल.

बेंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियममध्ये २०१७ साली जी मुले-मुली पालकांचा हात धरून सामने पाहण्यास आली होती, ती आता तरुण झाली आहेत. त्यांतील पुष्कळजणांची उंची बेताचीच असेल. त्यांनी त्या दिवशी पाच फूट चार इंचांची एक बाई धिप्पाड ऑस्ट्रेलियनांच्या मधून चेंडू काढताना पाहिली असेल, तर गार्डला काय लागते हे त्यांना सांगावयास नको. बास्केटबॉलच्या नोंदवहीत असिस्ट लिहिण्याचा नियम असा आहे, की पास कितीही सुरेख असला तरी पुढच्या हाताने तो बास्केटमध्ये घातला, तरच तो देणाऱ्याच्या नावावर चढतो. माचिदाचा पास बेंगळुरूच्या कोर्टावरून गेला आहे. तो कोणी झेलला की नाही, हे पुढील काही वर्षांत दिसेल.